भाजीपाल्याच्या गाडीच्या टायरमधील हवा

नाशिक-पुण्याकडील भाजीपाला रात्री निघून पहाटे नवी मुंबईत वाशीच्या बाजारात पोहोचतो. वाटेत टायर फुटला की सौदा हुकतो आणि मेथी-कोथिंबीर सुकते. म्हणून गाडी निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच हवा मोजावी. धावल्याने टायर तापतो व आतील दाब वाढतो; तो पाहून हवा सोडणे ही नेहमीची चूक होय. थंड झाल्यावर त्याच टायरात हवा कमी भरते. अशा टायरची बाजू भाराखाली सारखी दबते, अधिकच तापते आणि अखेर फाटते. लाथ मारून अंदाज घेण्याची रीत निरुपयोगी आहे. योग्य दाब किती पौंड, हे बहुधा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर दिलेले असते. तेथे भरलेल्या गाडीचा आकडा निराळा असल्यास तोच धरावा. स्टेपनीही तपासावी.