रोजचा रस्ता सापडतो, मग माणूस चुकतो कसा?

डोक्याला मार लागल्यानंतरही माझे काका झाशीत खंडेराव गेटच्या बाजूने रोज बिनचूक घरी येत. एकदा तो रस्ता खोदलेला होता. ते सागर गेटकडून वळले आणि जिथे उभा जन्म गेला त्याच गल्ल्यांत तासभर फिरत राहिले. घरात लगेच बोलणं सुरू झालं: रोज येतात ना? मग आठवण शाबूत आहे, लक्षच देत नाहीत.

हा गैरसमज आहे, आणि तो समजायला उंदरांचे प्रयोग फार उपयोगी पडतात. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या प्रयोगात एक गोल हौद असतो. पाणी दुधाने गढूळ केलेलं, आत पाय टेकण्यापुरता बुडालेला चौथरा. उंदीर आधी काठाकाठाने पोहतो, मग अवचित चौथरा लागतो. काही दिवसांत खोलीतल्या खुणांवरून तो थेट तिथे जातो. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला इजा केलेल्या उंदरांना हे जमेना; मात्र चौथरा पाण्यावर दिसू लागला की तेही सरळ पोहत जात. म्हणजे नजर, पाय, इच्छा सगळं ठीक होतं. जागेचा नकाशा तेवढा हरवला होता.

१९९० मध्ये हॉवर्ड आयकेनबॉम आणि सहकाऱ्यांनी हिप्पोकॅम्पसला जोडणारा तंतूंचा जुडगा तोडलेले उंदीर रोज एकाच काठावरून सोडले. ते चौथरा शोधायला शिकले. दुसऱ्या काठावरून सोडल्यावर मात्र भरकटले. हे वाचलं तेव्हा मला काकांचं सागर गेट आठवलं. वाट पाठ असणं वेगळं आणि गाव डोक्यात असणं वेगळं.

‘जखम वरवरची होती, आत काय होणार?’ असंही लोक म्हणतात. पण उंदरांच्या मेंदूच्या वरच्या थरावर आघात केला तरी खोलवरच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशी मरू शकतात.

आणि ‘आता काही सुधारायचं नाही’ हेही खरं नाही. बंगळुरूच्या निम्हान्समधल्या संशोधकांनी हिप्पोकॅम्पसलगतच्या भागाला इजा केलेले उंदीर खेळायला-हुंदडायला भरपूर वाव असलेल्या समृद्ध वातावरणात ठेवले, तेव्हा त्यांचं जागा शिकणं सुधारलं. माणसावरचा तो उपचार नव्हे, पण हात टेकू नयेत एवढं त्यातून नक्की कळतं.

घरी असा माणूस असेल तर त्याला रागावू नका. त्याचा एक रस्ता ठरवून द्या, खिशात पत्ता आणि फोन नंबर ठेवा, आणि वाट चुकली की ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.