विल्सन यांचा पंक्तिभेद

स्वयंनिर्णयाचे उद्गाते म्हणून वुड्रो विल्सन यांचा जगभर जयजयकार झाला. परंतु १९१३ साली ते अमेरिकेचे अध्यक्ष झाले आणि टपाल व अर्थ खात्यांत कृष्णवर्णीय कारकुनांच्या बसण्याच्या, जेवणाच्या जागा वेगळ्या झाल्या. विल्सन यांची त्यास संमती होती. १९१४ मध्ये कृष्णवर्णीय संपादक मन्रो ट्रॉटर यांनी जाब विचारला, तेव्हा हे विलगीकरण हिताचेच, असे उत्तर मिळाले. १९१९ साली पॅरिसमध्ये जपानच्या वांशिक समतेच्या प्रस्तावाला १७ पैकी ११ मते पडली; अध्यक्षस्थानावरून विल्सन यांनी एकमताची अट पुढे करून तो निकालात काढला. मध्यवर्ती बँकेची उभारणी, मक्तेदारीला आळा ही त्यांची कामगिरी नाकारण्याचे कारण नाही. परंतु पंक्तिभेद पाळणारी सुधारणा ही अर्धीच सुधारणा होय. २०२० मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने आपल्या एका संस्थेचे विल्सन हे नाव काढले. निवाडा झाला, मात्र त्या कारकुनांच्या हयातीत नव्हे.