कागदावर सारखे, कामात वेगळे

बारावीचा निकाल लागून इंजिनीअरिंगचे प्रवेश सुरू झाले की सांगली-साताऱ्याकडच्या घरांत संगणकाची कोटेशनं येऊन पडतात. त्यात हटकून शेजारी शेजारी दिसणारी दोन नावं म्हणजे इंटेलचा आय५-१२४०० आणि एएमडीचा रायझन ५ ५६००जी. पहिला २०२२ सालचा, दुसरा २०२१ चा. दोघांचे कोअर सहा, थ्रेड बारा, कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ आणि वॉटचा आकडाही ६५. मग सगळं सारखंच आहे तर स्वस्त पडेल तो घ्यावा, असं कोणालाही वाटेल.

चौकस ग्राहक आणखी एक आकडा शोधून काढतो: मूळ वेग. रायझनचा ३.९, इंटेलचा फक्त २.५ गिगाहर्ट्झ. झालं, रायझन दीडपट वेगवान ठरला! प्रत्यक्षात मूळ वेग ही ६५ वॉटच्या हिशोबात कंपनीने दिलेली किमान हमी असते. काम अंगावर आलं की १२४०० चे सहाही कोअर ४ गिगाहर्ट्झच्या आसपास धावतात. शिवाय गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात एवढंच. एका ठोक्यात किती काम उरकतं हे तो आकडा सांगत नाही. पेंटियम ४ ने २००४ सालीच ३.८ गिगाहर्ट्झ गाठले होते. तो आज कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. दर ठोक्याला जास्त काम करत असल्यामुळे निव्वळ प्रोसेसरच्या चाचण्यांत १२४०० साधारण दहा-पंधरा टक्के पुढे राहतो.

म्हणजे इंटेल जिंकला? वेगळं ग्राफिक कार्ड लावणार असाल तर हो. नसाल तर चित्र पालटतं. ५६००जी च्या पोटातलं वेगा ग्राफिक्स इंटेलच्या यूएचडी ७३० पेक्षा कितीतरी ताकदवान आहे. पुष्कळ गेममध्ये दुपटीच्या आसपास. मात्र इथे आपल्याकडच्या कोटेशनांतली एक सवय आड येते: ‘८ जीबीची एकच स्टिक टाकू, दुसरी नंतर बघू.’ या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच जागा आणि वेग घेतं. ३२०० च्या डीडीआर४ ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती पुरवते, दोन लावल्या तर ५१.२. एकाच स्टिकवर चालवलेला ५६००जी म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच गुण बांधून ठेवणं. ‘नंतर’ची ती स्टिक बहुतेक घरांत कधीच येत नाही, म्हणून ८ ची एक घेण्यापेक्षा ४-४ च्या दोन घेतलेल्या परवडल्या, १६ जीबी घेणार असाल तर ८-८ च्या दोन.

आणि अक्षरं नीट वाचा. आय५-१२४००एफ थोडा स्वस्त मिळतो, कारण त्यात ग्राफिक्सच चालू नसतं. नुसता ‘रायझन ५ ५६००’, शेवटी ‘जी’ नसलेला, तोही तसाच. कार्डाशिवाय यांतला कुठलाही जोडला तर पंखा फिरेल, दिवा लागेल, पडद्यावर काही दिसणार नाही.

‘आय७ तो आय७च’ हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो, कारण जुन्या, रिफर्बिश्ड यंत्रांचा बाजार त्याच्यावरच चालतो. २०१२ चा आय७-३७७० आणि २०२२ चा आय३-१२१०० घ्या. दोघांचे कोअर चार, थ्रेड आठ. तरीही एका कोअरच्या कामात नवा आय३ दीडपटीहून जास्त वेगवान आहे आणि सगळे कोअर जुंपले तर दुपटीच्या आसपास जातो. जुना आय७ डीडीआर३ रॅमवर अडकलेला आहे, विंडोज ११ ला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लग्नाचं मिक्सिंग करणाऱ्यांनी तर त्याच्या वाटेला जाऊच नये. नव्या कॅमेऱ्यांचं एचईव्हीसी चित्रीकरण उलगडण्याची सोय त्याच्या ग्राफिक्समध्ये नाही.

‘एएमडी तापतो’ हे वाक्य वडिलांकडून मुलाकडे आलेलं आहे. २००१ च्या सुमारास त्यात तथ्य होतं. हीटसिंक काढताच जळून गेलेला अ‍ॅथलॉन तेव्हा गाजला होता. आज दोन्ही कंपन्यांचे प्रोसेसर तापमान वाढलं की आपणहून वेग उतरवतात. आपल्या जोडीत तर उलटंच आहे. पूर्ण भारावर १२४०० ला ११७ वॉटपर्यंत मुभा आहे, ५६००जी ला ८८. त्या ‘६५ वॉट’ वरून वीजबिल काढायला बसू नका. सांगलीच्या मे महिन्यात प्रोसेसर गुदमरतो तो बहुधा धुळीने बुजलेल्या हीटसिंकमुळे, कंपनीच्या नावामुळे नव्हे. कंपन्यांवरून भांडणाऱ्यांसाठी एक गंमत: पेंटियमचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा, आणि इंटेल सोडल्यावर एएमडीच्या के६ मागेही तेच होते.

हळदीच्या अडत्याकडे टॅली आणि जीएसटीची बिलं एवढंच काम असेल तर १२४०० आणि ५६००जी यांतला फरक कळणारही नाही. तिथे जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याचा फरक पहिल्याच दिवशी दिसतो.

तेव्हा दुकानदाराने ‘आय५, ८ जीबी’ एवढंच लिहिलेला कागद दिला तर तो परत करा. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक शेवटच्या अक्षरासकट, रॅमच्या स्टिक किती आणि एसएसडी कोणती हे लिहून मागा, आणि मगच दोन दुकानांचे भाव शेजारी ठेवा.