अ‍ॅल्युमिनियमची गाडी, पोलादाचा कणा

जुनी लँड रोव्हर घ्यायला गेलेला जाणकार रंगावर भुलत नाही. हातोडी घेऊन आधी गाडीखाली शिरतो. १९४८ साली ही गाडी ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात आली, तेव्हा ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. म्हणून बॉडीचे बहुतेक पत्रे अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे केले. त्यांना तांबेरा चढत नाही. चॅसी मात्र पोलादीच राहिली. तिच्या पोकळ तुळयांत चिखल साचतो, बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात मिसळतं आणि पोलाद आतून पोखरलं जातं. हातोडीखाली खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला, की तिथला पत्रा पापडासारखा झालेला असतो.

जोडांवरचं रसायन त्याहून विलक्षण. अ‍ॅल्युमिनियम पोलादाला टेकलं आणि मधे खारं पाणी आलं, की चक्क विद्युतघट तयार होतो! त्यात झिजतं अ‍ॅल्युमिनियम; रंगाखाली पांढरी भुकटी फुगून येते. चॅसीच गेली असेल तर हौशी मंडळी जस्ताचा मुलामा दिलेली नवी बसवतात. जस्त स्वतः आधी झिजतं, पोलाद वाचतं. माझ्या मते पहिला पैसा इथेच घालावा. इंजिन नंतरही खोलता येतं.