विषयनिवडीची मुखत्यारी

आपल्याकडील महाविद्यालयीन शिक्षणाची जी घडी पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आहे, तिच्यात विद्यार्थ्याने एकदा शाखा घेतली की निवडीचे काम पुष्कळसे आटोपते. कोणता विषय कोणत्या वारी, कोणत्या तासाला आणि कोणाकडे शिकावयाचा हे महाविद्यालय ठरवते, आणि सूचनाफलकावर लागलेले वेळापत्रक वहीत उतरवून घेण्यापलीकडे विद्यार्थ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने ही घडी आता थोडी सैल होऊ लागली आहे. तरीही बारावी उत्तीर्ण होऊन पदवीसाठी अमेरिकेस जाणाऱ्या मराठी मुलामुलींची, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांची, तेथील पहिल्या सत्राच्या नोंदणीपुढे जी तारांबळ उडते, तिचे मूळ या जुन्या सवयीत आहे. तेथे प्रत्येक विद्यार्थ्यास आपले वेळापत्रक स्वतः रचावे लागते, त्यावर मुखत्यारी त्याचीच असते, आणि त्यात कसूर झाली तर तिचा भारही त्यालाच उचलावा लागतो.

या व्यवस्थेमागे दीडशे वर्षांचा विचार आहे. १८६९ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या अध्यक्षपदी आलेल्या चार्ल्स एलियट यांनी आपल्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत ठरीव अभ्यासक्रमाची सक्ती क्रमाक्रमाने उठवली आणि विषय निवडण्याची मुभा विद्यार्थ्यास दिली. १९०९ साली त्यांच्या जागी आलेल्या लॉरेन्स लोवेल यांना ही मोकळीक स्वैर झाल्यासारखी वाटली, म्हणून त्यांनी एका विषयाचा सखोल अभ्यास आणि इतर ज्ञानशाखांचा आवश्यक परिचय अशी दुहेरी अट घातली. आज तेथील बहुतेक महाविद्यालयांची पदवी या दोन विचारांच्या समेटावर उभी आहे. काही विषय सर्वांना आवश्यक, त्यांना ‘जनरल एज्युकेशन’ म्हणतात, काही मुख्य विषयाचे, म्हणजे ‘मेजर’चे, आणि उरलेले ऐच्छिक. निवडीला एवढा वाव दिल्यावर नवागताला वाट दाखविणेही प्राप्त झाले, आणि त्या गरजेतून ‘ओरिएंटेशन’ची प्रथा रूढ झाली. बॉस्टन विद्यापीठाने १८८८ साली नवागतांसाठी सुरू केलेला उपक्रम हा तिचा आरंभ मानतात. १९७२ साली साउथ कॅरोलायना विद्यापीठाने तर ‘युनिव्हर्सिटी १०१’ या नावाचा प्रथम वर्षाचा स्वतंत्र अभ्यासक्रमच सुरू केला, आणि पुढे अनेक संस्थांनी त्याचे अनुकरण केले.

ओरिएंटेशनचे स्वरूप वरवर पाहता स्वागतसमारंभाचे असते: परिसराची फेरी, ग्रंथालयाची ओळख, ओळखपत्राचे छायाचित्र, सुरक्षिततेच्या सूचना आणि नव्या सोबत्यांशी परिचय. परंतु या कार्यक्रमात विद्यार्थी ज्या वेळी आपल्या ‘अ‍ॅडव्हायझर’समोर, म्हणजे अभ्याससल्लागारासमोर, बसतो आणि पहिल्या सत्राचे विषय पक्के करतो, तो वेळ सर्वांत मोलाचा समजावा. नोंदणीचा क्रम साधारणतः ज्येष्ठतेने लागतो. ज्यांनी अधिक क्रेडिट (म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे माप) मिळवली त्यांना आधी, आणि नवागतांना सर्वांत शेवटी. नवागतांतही जूनमध्ये ओरिएंटेशन झालेल्यास ऑगस्टमध्ये येणाऱ्यापेक्षा मोकळ्या जागा अधिक मिळतात. परदेशी विद्यार्थ्यास एफ-१ व्हिसावर अभ्यासक्रमाच्या आरंभापूर्वी जास्तीत जास्त ३० दिवस आधी अमेरिकेत पाऊल ठेवता येते, त्यामुळे त्याचे ओरिएंटेशन बहुधा ऑगस्टमध्येच असते. म्हणून प्रवेश पक्का होताच महाविद्यालयास एक साधे पत्र पाठवून विचारावे, की परदेशी विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्यात ऑनलाइन सल्ला आणि नोंदणीची सोय आहे काय, आणि असल्यास तिची तारीख व वेळ कोणती. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊला उघडणारी नोंदणी उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला, शिकागोची साडेसातला आणि कॅलिफोर्नियाची रात्री साडेनऊला उघडते. हे गणित आधी मांडून ठेवलेले बरे.

नोंदणीच्या दिवशी पडद्यावर विषयांऐवजी ‘होल्ड’ हा शब्द दिसला की मोठी निराशा होते. होल्ड म्हणजे दप्तरात काहीतरी बाकी असल्यामुळे घातलेला अटकाव. बारावीचे अंतिम गुणपत्रक पोचलेले नसते, अनामत रक्कम भरलेली नसते, अथवा लसीकरणाचा दाखला अपुरा असतो. या शेवटच्या बाबीकडे आपल्या लोकांनी विशेष लक्ष द्यावे. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरील एमएमआर लसीच्या दोन मात्रांची लेखी नोंद बहुतेक महाविद्यालये मागतात. लहानपणीचे लसीकरणाचे पुस्तक हरवले असेल तर डॉक्टरांकडून प्रतिकारशक्तीची रक्ततपासणी करून घेता येते किंवा लस पुन्हा टोचून घेता येते, पण दोन मात्रांत किमान चार आठवड्यांचे अंतर लागत असल्याने हे काम जुलैच्या अखेरीवर टाकून चालत नाही. क्षयरोगाच्या तपासणीचेही असेच आहे. भारतात जन्मतःच बीसीजी टोचत असल्यामुळे कातडीवरची चाचणी रोग नसतानाही होकारार्थी निकाल दाखवू शकते; अशा वेळी रक्ताची तपासणी मान्य होते काय, हे महाविद्यालयाच्या आरोग्यविभागास आधीच विचारावे.

आता मूळ विषयाकडे वळू. तेथील शिक्षणाचे माप क्रेडिट हे आहे. पदवीला सामान्यतः १२० क्रेडिट लागतात, म्हणजे आठ सत्रांत प्रत्येकी १५. एका क्रेडिटमागे आठवड्यास एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेरच्या अभ्यासाचे, असे सुमारे पंधरा आठवड्यांच्या सत्राचे प्रमाण धरलेले आहे. या हिशेबाने १५ क्रेडिट घेणाऱ्याचा आठवडा ४५ तासांच्या कामाचा होतो. वेळापत्रकात दिसणारी मोकळी दुपार ही त्या तीस तासांसाठी राखलेली असते, हे ज्यास उमगत नाही त्याचे पहिले सत्र हातचे जाते.

विषयांची यादी वाचताना त्यांचे दोन वर्ग मनाशी पाडावेत: साखळीतले आणि मोकळे. अभियांत्रिकीत कॅल्क्युलसचा पहिला, दुसरा आणि तिसरा भाग व त्यानंतर विकल समीकरणे अशी चार सत्रांची साखळी बहुधा असते. भौतिकशास्त्रातील यंत्रशास्त्राला कॅल्क्युलसची पूर्वअट, आणि पुढे स्थितिशास्त्राला त्या यंत्रशास्त्राची. त्यातच काही विषय वर्षातून एकदाच, केवळ शरद सत्रात शिकविले जातात. अशा साखळीचे पहिले कडे चुकले तर पदवीची मुदत एका सत्राने किंवा वर्षानेही लांबू शकते, आणि परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत त्या वर्षाची किंमत आईबापांच्या बचतीतून वसूल होते. उलट इतिहास, मानववंशशास्त्र, चित्रकला, एखादी परभाषा यांसारखे जनरल एज्युकेशनचे विषय पहिल्या सत्रात घेतले काय किंवा पाचव्या सत्रात घेतले काय, पदवीच्या वाटेत अडथळा येत नाही. तात्पर्य, साखळीतले विषय निश्चयाने आणि मोकळे विषय आवडीने घ्यावेत. सल्लागारासमोर बसण्यापूर्वी विभागाने प्रसिद्ध केलेला चार वर्षांचा आराखडा शेवटच्या सत्रापासून मागे मागे वाचत आला, तर कोणते कडे आज पकडावयाचे ते आपोआप स्पष्ट होते.

पडद्यावरील एक नोंद जवळून पाहू. कॅल्क्युलस-१, सेक्शन ००४, एम-डब्ल्यू-एफ, १०:०० ते १०:५०, टी, ९:०० ते ९:५०, जागा ३०, भरलेल्या ३०, वेटलिस्ट ३. यातील एम, डब्ल्यू, एफ म्हणजे सोमवार, बुधवार, शुक्रवार, आणि टी म्हणजे मंगळवार, त्या दिवशी लहान गटात उदाहरणे सोडविण्याचा तास; गुरुवारासाठी बहुधा आर हे अक्षर वापरतात. याच विषयाच्या दुसऱ्या सेक्शनमध्ये जागा असू शकते, म्हणून एका सेक्शनवर अडून बसू नये. वेटलिस्टवर, म्हणजे प्रतीक्षायादीत, तिघांच्या मागचा क्रमांकही आशादायक असतो, कारण पहिल्या आठवड्यात पुष्कळ फेरफार होतात. तरीही त्या भरवशावर क्रेडिटांची बेरीज करू नये. कॅल्क्युलस चार क्रेडिट, रसायनशास्त्र तीन आणि त्याची प्रयोगशाळा एक, इंग्रजी लेखन तीन, प्रथम वर्षाचा परिसंवाद एक आणि आवडीचा मोकळा विषय तीन, अशी पंधरांची एक मांडणी आणि तिच्या जोडीला आणखी दोन पर्यायी मांडण्या कागदावर तयार असल्या, म्हणजे एखादी जागा भरली तरी हात गळत नाहीत.

गणित, रसायनशास्त्र किंवा परभाषा यांत कोणत्या पायरीवर बसावयाचे हे ठरविण्यासाठी ‘प्लेसमेंट टेस्ट’ घेतात. आपली मुले तिला प्रवेशपरीक्षा समजून घाबरतात, किंवा घरात कोणाची मदत घेऊन वरची पायरी गाठतात. या परीक्षेत नापास होणे हा प्रकारच नाही. ती आपले बळ मोजते, आणि खोट्या मोजमापाचे प्रायश्चित्त सत्राच्या मध्यावर घ्यावे लागते. परदेशी विद्यार्थ्यास येथे कायद्याचेही भान हवे. एफ-१ व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्यास प्रत्येक सत्रात किमान १२ क्रेडिट घेणे आवश्यक आहे, आणि या किमान संख्येत ऑनलाइन अभ्यासक्रम एकच धरला जातो. एखादा विषय झेपेना म्हणून परस्पर सोडून १२ च्या खाली जाणे म्हणजे व्हिसाची अट मोडणे होय. नियमात यावर तजवीजही आहे: तेथील शिक्षणपद्धती अपरिचित असणे किंवा विषयाच्या चुकीच्या पातळीवर नेमणूक होणे ही कारणे मान्य असून, परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याची मंजुरी आधी घेतल्यास क्रेडिट कमी करता येतात. मंजुरी आधी आणि कृती नंतर, हा क्रम मात्र कदापि उलटू नये.

मोकळ्या विषयांबद्दल आपल्या घरांत फार अनादर आहे. ‘संगणक शिकायला गेला आहेस, मानववंशशास्त्र कशाला?’ हा प्रश्न दूरध्वनीवर हटकून विचारला जातो. अशा घरांनी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे स्मरण ठेवावे. गोव्यात १९०७ साली जन्मलेले कोसंबी १९२४ साली हार्वर्डमध्ये दाखल झाले, तेव्हा गणितज्ञ जॉर्ज बर्कहॉफ यांनी त्यांना गणितावरच चित्त एकाग्र करण्याचा सल्ला दिला होता. कोसंबींनी मात्र नानाविध विषय घेतले, त्यांत प्रावीण्य मिळविले आणि १९२९ साली सर्वोच्च सन्मानासह पदवी संपादिली. पुढे गणिताचा हा प्राध्यापक प्राचीन नाण्यांच्या वजनांकडे संख्याशास्त्राच्या दृष्टीने वळला, भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती त्याने सिद्ध केली, आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासास नवी दिशा देणारा ग्रंथ लिहिला. कोसंबींची प्रतिभा असामान्य होती हे खरे. परंतु तेथील महाविद्यालयाने त्यांना जी मोकळीक दिली, ती आज प्रत्येक नवागतास मिळते, आणि फीच्या रकमेत तिचीही किंमत धरलेली असते.

वर्ग सुरू झाल्यावरही निवड संपत नाही. पहिल्या एकदोन आठवड्यांची ‘अ‍ॅड-ड्रॉप’ची मुदत असते, त्या मुदतीत सोडलेल्या विषयाची नोंद गुणपत्रकावर राहत नाही, नंतर सोडल्यास ‘डब्ल्यू’ हे अक्षर राहते. पहिल्याच तासाला प्राध्यापक ‘सिलॅबस’ देतात, त्यात परीक्षांच्या तारखा, गुणांचे वाटप, हजेरीचे नियम आणि भेटीचे तास नमूद केलेले असतात. सर्व विषयांचे सिलॅबस शेजारी ठेवून पाहिले आणि एकाच आठवड्यात तीन परीक्षा आल्या, तर ते तेव्हाच कळावे यासाठी ही मुदत आहे. प्राध्यापकाच्या भेटीच्या तासाला जाणे आपल्याकडील मुलांना संकोचाचे वाटते, अडचणीत असलेल्यानेच जावे असा समजही असतो. वास्तविक तो तास विद्यार्थ्यांसाठीच राखून ठेवलेला असतो, आणि पहिल्या पंधरवड्यात एकदा जाऊन केवळ ओळख करून घेतली तरी पुढचा संकोच जातो.

शेवटी आईवडिलांसाठी. अमेरिकेत १९७४ साली झालेल्या कायद्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या दप्तराचा अधिकार खुद्द त्याच्याकडे दिला आहे. फी आपण भरत असलो, तरी त्याच्या लेखी संमतीशिवाय महाविद्यालय त्याचे गुण आपणास कळविण्यास सहसा राजी होत नाही. या नियमाचा राग मानण्याचे कारण नाही. घरातून निघण्यापूर्वीच्या महिन्यात मुलाने सल्लागारास स्वतः पत्र लिहावे, लसीचा दाखला स्वतः पाठवावा, चार वर्षांचा आराखडा आपणास समजावून सांगावा, आणि आपण तो ऐकून केवळ प्रश्न विचारावेत, निर्णय देऊ नयेत. विषयांची यादी मुलाने मांडली आणि ‘हा का?’ या प्रश्नाला त्याने आपल्या शब्दांत नीट उत्तर दिले, म्हणजे त्याची तयारी झाली असे खुशाल समजावे, मग त्या उत्तराशी आपण सहमत असू वा नसू.