शेतावरची विद्या आणि किनाऱ्यावरची घरे

घर बांधावयाचे म्हणजे प्रथम कागदावर नकाशा, मग परवानगी, मग पाया, हा क्रम आता सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. तथापि काशीदहून उत्तरेस समुद्राच्या कडेने गेले असता लागणाऱ्या कोर्लई-रेवदंड्याच्या परिसरात या क्रमाला न जुमानता काही घरे उभारली गेली. त्यांचे कर्ते स्थापत्यकार नारी गांधी हे होत. त्यांनी क्वचितच नकाशे काढले. घर जागेवरच, गवंड्याच्या थापीखाली व सुताराच्या रंध्याखाली, आकारास येई.

ही रीत केवळ लहरीपणाची नव्हती. तिच्यामागे एक गुरुपरंपरा होती. गांधी यांचा जन्म १९३४ साली सुरतेस एका सामान्य पारशी कुटुंबात झाला. मुंबईस जे. जे. मध्ये स्थापत्याचे शिक्षण घेतल्यावर ते अमेरिकेत फ्रँक लॉईड राइट यांच्यापाशी शिकावयास गेले. राइट यांचा जन्म १८६७ सालचा. बालपणीचे कित्येक उन्हाळे त्यांनी विस्कॉन्सिन प्रांतात मामाच्या शेतावर गाई दोहण्यात व गवत कापण्यात घालविले होते. पुढे त्याच खोऱ्यात त्यांनी आपले घर बांधले व १९३२ साली तेथे शिष्यशाळा उघडली. आपल्याकडील जुन्या गुरुकुलांत शिष्य गाई राखीत, लाकडे फोडीत. तसाच तेथील शिष्यांनाही शेत, स्वयंपाकघर व बांधकाम यांत हात घालावा लागे. जमिनीचा उतार, उन्हाची दिशा व पाण्याचा ओघ शेतकरी पेरणीपूर्वी पाहतो. घर बांधणाऱ्यानेही तसेच पाहावे, हा त्या शिक्षणाचा गाभा होता. १९५९ साली राइट निवर्तले. गांधी यांनी अमेरिकेत असतानाच कुंभारकामही शिकून घेतले आणि १९६० नंतरच्या दशकात ते स्वदेशी परतले.

या विद्येचे मोल रायगडच्या किनाऱ्यावर विशेष कळते. येथे पावसाळ्यात शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि तोही नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा. शिवाय हवा खारी. काँक्रीटच्या भेगांतून ती लोखंडी सळईपर्यंत पोचली, की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आतून दाब येऊन वरचे काँक्रीट फुटते व ढलपे पडू लागतात. विटेच्या वा दगडाच्या कमानीस मात्र सळईची गरज नसते. तिच्यातील प्रत्येक वीट शेजारच्या विटेवर रेलते व सारा भार दोन्ही बाजूंनी जमिनीत उतरतो. बाजूच्या भिंतींनी तो रेटा सोसला म्हणजे झाले. गांधी यांना कमानी, दगड, वीट आणि लाकूड यांची आवड होती, तिचे मर्म केवळ शोभेत नव्हते. उतरते छप्पर, पुढे आलेली वळचण, जांभ्याची जाड भिंत हे सारे कोकणातील जुन्या घरबांधणाऱ्यासही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. परदेशी शिकून आलेल्या या स्थापत्यकाराने कारागिराच्या त्या ज्ञानाला कमी लेखले नाही. तो स्वतः त्यांच्याबरोबर कामावर उभा राहिला.

या पद्धतीला एक मोठी उणीवही आहे. १९९३ साली खोपोलीजवळ मोटार-अपघातात गांधी यांचा अंत झाला. नकाशे नसल्यामुळे त्यांच्या विद्येचा बराचसा भाग त्यांच्याबरोबरच गेला. त्यांच्यापाशी शिकलेले स्थापत्यकार व कवी मसूद ताज यांनी त्यांच्या कार्यावर ग्रंथ सिद्ध केला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु ढासळलेली कमान ग्रंथाने सांधत नाही. तिला लाकडी आधार देऊन वीट कशी बसवावी हे जाणणारा गवंडी लागतो, आणि असा गवंडी मुलाला तो धंदा शिकवीनासा झाला, तर ती घरे दुरुस्तीवाचून जाणार.

आज काशीदच्या पांढऱ्या वाळूच्या आकर्षणाने शहरातील पुष्कळ कुटुंबे त्या बाजूस सुट्टीसाठी घर बांधू पाहतात. त्यांनी गांधी यांच्या घरांची नक्कल करण्याचे कारण नाही. जमीन घेतल्यावर एक पावसाळा मात्र थांबावे. पाणी कोठून येते, कोठे तुंबते, वारा कोणत्या भिंतीवर आदळतो, कोणते झाड सावली देते, हे डोळ्यांनी पाहावे. गावातील वयस्क गवंड्यास बोलावून त्याचे मत घ्यावे. नकाशा त्यानंतर काढला तरी चालेल.