दस्तुरीच्या पुढे पायीच

नेरळहून घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. बाजारपेठ तिथून अडीचेक किलोमीटर. पुढे जायचं ते पायी, घोड्यावर, अमन लॉज स्टेशनातून सुटणाऱ्या शटल रेल्वेने, नाहीतर अलीकडे सुरू झालेल्या ई-रिक्षाने. रुग्णवाहिकेसारख्या निकडीच्या गाड्या सोडल्या तर इतर मोटारींना माथेरानमध्ये मज्जाव आहे.

हा नियम कोणा नगररचनाकाराच्या आराखड्यातून आलेला नाही. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आला, तेव्हा मोटारच नव्हती. बंगले, पॉइंटकडे जाणाऱ्या वाटा, बाजार, सगळं घोड्याच्या आणि माणसाच्या चालीने बेतलं गेलं. 1907 मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून दोन फुटी रुळांवरची गाडी वर पोचली, तीही गावाच्या मापाचीच. पुढे महाराष्ट्रातल्या इतर थंड हवेच्या ठिकाणी मोटारींसाठी रस्ते रुंद होत गेले, माथेरानने ते नाकारलं. 2003 मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि त्या नकाराला कायद्याचं बळ मिळालं.

याचा फायदा बाजारपेठेत उभं राहिलं की कळतो. मुलं रस्त्याच्या मधून पळतात आणि आईबाप ओरडत नाहीत. चालणारा माणूस चिक्कीच्या किंवा चपलांच्या दुकानासमोर सहज रेंगाळतो. गाडीतला खाली उतरेपर्यंत दुकान मागे पडलेलं असतं. साडेचार हजारांच्याही आतली लोकसंख्या (2011ची जनगणना), शेती नाही, कारखाना नाही. तरी गाव तगून आहे ते पर्यटकांवर. नगरपालिकाही नाक्यावर प्रवासी कर घेते. मोटारी आत आल्या असत्या तर वाहनतळासाठी झाडं गेली असती आणि इथे यायचं कारणही गेलं असतं.

पण मोटार हटवली म्हणून ओझं हटत नाही. गॅसचं सिलिंडर, तांदळाचं पोतं, बांधकामाची वाळू, वृद्ध पाहुणे हे सगळं वर यायचंच. ते इतकी वर्षं घोड्यांनी, हमालांनी आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांनी आणलं. चढावर माणसाने माणसाला ओढायचं, हे चित्र ‘प्रदूषणमुक्त’ म्हणून मिरवणं मला कधीच पटलं नाही. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, आणि ई-रिक्षा त्या ओढणाऱ्यांनाच भाड्याने मिळाव्यात अशी योजना आखायचा आदेश राज्य सरकारला दिला. या आदेशातला उत्तरार्ध जास्त मोलाचा. ई-रिक्षा बाहेरच्या पैसेवाल्यांच्या हाती गेल्या असत्या, तर हातरिक्षावाल्याची पाठ मोकळी झाली असती आणि चूलही विझली असती.

घोडेवाल्यांना मात्र ई-रिक्षा आपल्या पोटावर आलेली वाटते. रस्त्यावरच्या पेव्हर ब्लॉकवरून घोडे घसरतात, हीही त्यांची तक्रार. दुसऱ्या बाजूला लाल मातीचा रस्ता पावसाळ्यात वाहून जातो, उन्हाळ्यात धुरळा होऊन घशात बसतो. न्यायालयाने यातून मधली वाट काढली: नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला ब्लॉक, जंगलातल्या वाटांना नाहीत.

खरी अडचण नाक्याबाहेर आहे. शनिवार-रविवारी घाटात मोटारींची रांग लागते, वाहनतळ भरतं, आणि पाहुणा गावात शिरण्याआधीच वैतागलेला असतो. नवख्यांची तिथे फसवणूक होते म्हणून मार्च 2025 मध्ये गावकऱ्यांनीच माथेरान बंद ठेवलं होतं. गावाच्या आत वाहन नको असेल, तर गावाच्या दारापर्यंत यायला स्वस्त, नेमाने सुटणारं सार्वजनिक वाहन हवं. पण 2019 च्या पावसात रूळ वाहून गेल्यावर नेरळहून निघणारी गाडी पुन्हा सुरू व्हायला 2022 उजाडलं, आणि पावसाळ्यात ती आजही अमन लॉजच्या खाली बंदच असते.

तुम्ही जाणार असाल तर मोटार घरी ठेवा. मध्य रेल्वेच्या कर्जत लोकलने नेरळला उतरा, स्टेशनबाहेर शेअर टॅक्सी मिळते. पाठीवर मावेल तेवढंच सामान घ्या. घोडा किंवा रिक्षा केलीच, तर नाक्यावरचा दरफलक वाचून मगच भाडं ठरवा.